शहराची शीव आणि नकाशाची तारीख

सिल्वासा येथील टोकरखाडा ही वस्ती आपल्या जागेवरून कधी हलली नाही. तरीही गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तिचा पत्ता कागदोपत्री अनेकदा बदलला आहे. 1961 च्या जनगणनेच्या तक्त्यांत दादरा व नगर हवेली या प्रदेशाची एकूण लोकसंख्या 57,963 नोंदलेली असून शहर या सदराखाली एकही नाव नाही. त्या हिशेबाने टोकरखाडा तेव्हा खेड्यात होता. 1981 च्या जनगणनेत सिल्वासा हे या प्रदेशातले पहिले शहर म्हणून गणले गेले आणि टोकरखाडा शहरात आला. परंतु ते शहर केवळ जनगणनेपुरते होते. तेथे नगरपालिका नव्हती. 2004 साली नगरपरिषदेचा विनियम झाला, 2006 साली सिल्वासा नगरपरिषद अस्तित्वात आली आणि मग कोठे टोकरखाडा कायद्याच्या अर्थानेही शहरवासी झाला. पुढे 26 जानेवारी 2020 रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, आणि जो काल स्वतंत्र प्रदेश होता तो आज एक जिल्हा म्हणून नकाशात उभा राहिला.

वस्ती तीच, माणसे तीच, रस्त्याचे वळणही बहुधा तेच; बदलली ती रेघ आणि रेघेवर लिहिलेले नाव. ही रेघ कोण ओढतो, ती कोठे लिहिलेली असते आणि ती बदलल्यावर सर्वांच्या हाती असलेले नकाशे कसे बदलतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय कोरडा वाटेल. पण ज्याचे घर रेघेजवळ आहे त्याला तो कोरडा वाटत नाही.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की शहराची हद्द नकाशात असते. वस्तुतः ती नकाशात नसते, शब्दांत असते. संविधानाच्या 1992 च्या 74 व्या दुरुस्तीने जो 243-क्यू हा अनुच्छेद आला, त्यानुसार राज्यात राज्यपाल आणि केंद्रशासित प्रदेशात प्रशासक जाहीर अधिसूचनेद्वारे एखादे क्षेत्र नागरी म्हणून निर्दिष्ट करतो. त्यासाठी लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण अशा गोष्टी पाहावयाच्या असतात. ही अधिसूचना राजपत्रात छापली जाते, आणि तिच्या परिशिष्टात गावांची नावे, भूमापन क्रमांक, आणि उत्तरेस अमुक गावाची शीव, पूर्वेस अमुक नाला, दक्षिणेस नदी अशा शब्दांत चतुःसीमा दिलेली असते. तीच खरी हद्द. नकाशा हे त्या वर्णनाचे चित्र होय. चित्र आणि वर्णन यांत अंतर पडले तर चित्राकडे बोट दाखवून सहसा निभावत नाही, राजपत्र उघडावे लागते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची जी जुनी रीत आपल्याकडे आहे, तिचेच हे मोठे रूप समजावे.

या वर्णनाची वीट म्हणजे गाव. गावाची शीव ठरलेली असते. महसुलाचा गावनकाशा असतो, शिवेवर दगड असतात, आणि जेथे तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड मोजणीदाराच्या दृष्टीने फार मोलाचा असतो. शहर वाढते तेव्हा ते बहुधा गावागावाने वाढते. म्हणून शहराच्या हद्दीचा नकाशा करणे म्हणजे अनेक गावनकाशे एकमेकांना जोडून त्यांची बाहेरची कड गिरवणे. जोडताना एकाची कड दुसऱ्यावर चढते, कोठे फट राहते. जुने नकाशे शंकुसाखळीने झालेले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. त्या साखळीने डोंगरउतारावर घेतलेले माप आणि आज उपग्रहाच्या संकेतावर घेतलेले माप यांत फरक निघाला तर त्यात नवल नाही. त्या मोजणीदारांना दोष देण्याचे मला धैर्य होत नाही. पावसाळ्यानंतर रान वाढलेले असताना साखळी ओढणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या कागदांविषयी आदरच वाटेल.

गाव ही वीट आहे हे दादरा व नगर हवेलीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. 17 डिसेंबर 1779 रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे ठरले, आणि पुढे 1783 व 1785 या वर्षी त्यांची व्यवस्था झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की देणे उत्पन्नाच्या आकड्यात ठरले होते. अमुक डोंगरापासून अमुक नदीपर्यंतचा मुलूख असे त्याचे रूप नव्हते. बारा हजारांचा हिशेब भरेपर्यंत गावे मोजावयाची. अशा हिशेबातून जो प्रदेश उभा राहतो त्याची आकृती गोल-चौकोनी कोठून असणार? आजही वापीहून सिल्वाशास येणारा मनुष्य आधी दादऱ्यात शिरतो, मग लवाछापाशी गुजरातच्या भूमीतून जातो आणि नंतर नगर हवेलीत प्रवेश करतो. उलट नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गाव गुजरातचे आहे. नकाशा पाहणारा विद्यार्थी प्रथम छापखान्याची चूक समजतो.

या गावांच्या यादीने पुढे जगाच्या न्यायासनापुढे हजेरी लावली. 1954 च्या जुलैत दादरा आणि नरोली मुक्त झाली, 2 ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, आणि 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. त्या निकालात पेशवाईतील तह आणि सनदा यांचा अर्थ बारकाईने पाहिला गेला. न्यायालयाचा निष्कर्ष असा की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिलेले नव्हते. मात्र पुढे इंग्रजांनी तेथे पोर्तुगिजांची सत्ता वस्तुतः मान्य केली. खासगी माणसे आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा झाला नाही, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे ठरले. पुण्याच्या दप्तरातील महसुलाच्या भाषेला एवढे महत्त्व येईल असे ती लिहिणाऱ्या कारकुनांच्या स्वप्नातही आले नसेल!

निकाल लागला त्या दिवशी या प्रदेशाभोवती मुंबई राज्य होते. एकोणीस दिवसांनी, 1 मे 1960 रोजी, एका बाजूस गुजरात आणि दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र झाला. 11 ऑगस्ट 1961 पासून प्रदेश भारतीय संघराज्याचा भाग झाला. 1964 साली सुरत जिल्ह्यातून वलसाड वेगळा निघाला. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. म्हणजे नगर हवेलीची बाहेरची शीव तसूभरही न सरकता तिच्या पलीकडच्या शेजाऱ्याचे नाव पुन्हा पुन्हा बदलले. शाळेच्या भिंतीवरील नकाशा जुना होतो तो असा, घरात कोणी न हलता. राष्ट्रीय पातळीवरही हाच अनुभव आहे. जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतर 2 नोव्हेंबर 2019 रोजी भारताचा नवा राजकीय नकाशा प्रसिद्ध झाला; त्यात 28 राज्ये आणि 9 केंद्रशासित प्रदेश होते. तीन महिने पुरते व्हावयाच्या आतच, दमण आणि दादरा एकत्र झाल्याने, नऊचे आठ झाले.

नकाशा जुना असला तर बिघडले काय, असा प्रश्न कोणी करील. सिल्वाशाचेच आकडे घेऊ. 2001 च्या जनगणनेत सिल्वाशाची लोकसंख्या सुमारे बावीस हजार होती, 2011 साली ती 98,265 झाली. केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवणारा मनुष्य म्हणेल की दहा वर्षांत शहर साडेचार पटीने फुगले, आणि तेवढ्या प्रमाणात पाण्याच्या टाक्या व शाळा मागेल. परंतु 2001 साली सिल्वाशाला लागून आमळी हे दुसरे जनगणना-शहर वेगळे मोजलेले होते, आणि तेथे साडेअठ्ठावीस हजार लोक होते. 2006 ची नगरपरिषद या दोहोंना मिळून झाली. म्हणजे तुलना करावयाची ती सुमारे साडेपन्नास हजारांची 98 हजारांशी. वाढ साडेचारपट नव्हे, दुपटीच्या आसपास ठरते. दुप्पट ही काही लहान वाढ नव्हे. कारखान्यांच्या ओढीने देशभरातून माणसे येथे आली आहेत. पण माणसे किती वाढली आणि हद्द किती वाढली, या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे साधन त्या त्या वर्षाचा नकाशा हेच आहे. जुना नकाशा फेकून दिला की हे साधन गेले. अद्ययावत ठेवणे याचा अर्थ पुष्कळ कार्यालयांत जुना काढून नवा टांगणे असा घेतला जातो. माझ्या मते तो अर्धाच अर्थ आहे. नवा टांगावा, आणि जुना त्याच्या तारखेसह कपाटात जपावा.

कडेवर राहणाऱ्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे. 2011 च्या जनगणनेत या प्रदेशात सिल्वाशाखेरीज दादरा, नरोली, सामरवर्णी, मसाट आणि रखोली ही पाच जनगणना-शहरे होती. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची दाटी आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान पाऊणभाग शेतीबाहेर, या तीन कसोट्यांवर जनगणना-खाते त्यांना शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीचा असतो. यात सामरवर्णी, मसाट यांसारखी गावे शहराच्या अंगाशीच आहेत. तेथील कारखान्याच्या पाटीवर सिल्वासा असते, टपालाचा 396230 हा क्रमांकही तोच. टपालखात्याने 1972 साली हे क्रमांक पत्रे वाटण्याच्या सोयीसाठी सुरू केले. नगरपरिषदेच्या हद्दीशी त्यांचा संबंध नाही. पण पाहुण्या मजुराला हे कोणी सांगत नाही. त्याच्या चाळीपुढचे गटार तुंबले की तो पत्त्यावरील शहराच्या कार्यालयात जातो, तेथून त्यास पंचायतीकडे पाठविले जाते, आणि पंचायतीत त्याचे नाव कोणाच्या ओळखीचे नसते. दिवसाची मजुरी बुडवून तो दोन दारे हिंडतो. रेघ कोठून गेली आहे हे दाखविणारा नकाशा दोन्ही कार्यालयांच्या दाराशी लावलेला असता तर निदान एक खेप वाचली असती.

मूळच्या आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत रेघेचे मोल आणखी वेगळे आहे. 2011 साली या प्रदेशातील निम्म्याहून किंचित अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, धोडिया यांची ही भूमी. येथे गावांच्या समूहाला पटेलाद म्हणतात. पाडा पटेलादीतून निघून शहरात गेला की बैठकीची जागा बदलते, बांधकामाची परवानगी देणारा बदलतो, घरपट्टीचा दर बदलतो, ग्रामीण योजनांचे दार बंद होते आणि नागरी योजनांचे उघडते. हे हिताचे की अहिताचे, याचे एकच उत्तर नाही. मात्र हा बदल होण्यापूर्वी लोकांना तो नकाशावर दाखवावयास हवा, आणि नकाशा असा हवा की त्यात आपले घर, विहीर, देवस्थान, शाळा ओळखता येईल. परिशिष्टातील भूमापन क्रमांक वाचून किती जणांना आपले घर सापडेल?

महाराष्ट्रात याला हद्दवाढ हा एक सुटसुटीत शब्द आहे, आणि त्या एका शब्दाभोवती मोर्चे, हरकती आणि न्यायालयीन वाद यांचा मोठा इतिहास जमला आहे. मुंबई 1950 साली अंधेरीपर्यंत आणि 1957 साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. उलट 1972 साली महानगरपालिका झालेल्या कोल्हापुराची हद्द पुढे पन्नास वर्षे उलटली तरी वाढली नाही. शहर वाढत गेले, रेघ जागच्या जागी राहिली. पुण्याची कथा सर्वांत गुंतागुंतीची. 1997 साली गावे आली, त्यांतील काही पुढे वगळली गेली. ऑक्टोबर 2017 मध्ये अकरा गावे आली, 30 जून 2021 रोजी आणखी तेवीस आली. आणि त्या अकरांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे पुढे बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचे ठरले. पुण्याच्या यादीत काही गावांच्या नावापुढे ‘उर्वरित’ हा शब्द दिसतो. त्या एका शब्दात नकाशा करणाऱ्याची सारी अडचण साठविलेली आहे. गावाचा एक भाग आधीच शहरात गेलेला, उरलेला आता जावयाचा. म्हणजे मधली रेघ गावाच्या शिवेवर नसून गावाच्या आतून, भूमापन क्रमांकांच्या बांधाबांधाने गेलेली. पुढे त्या क्रमांकांचे पोटहिस्से पडतात, बांध मोडून इमारती उठतात, आणि जुन्या अधिसूचनेतील क्रमांक जमिनीवर शोधणे हे एक स्वतंत्र संशोधन होऊन बसते.

नदीची सीमा कागदावर सर्वांत सोपी आणि जमिनीवर सर्वांत चंचल. दमणगंगा पूर आला की काठ बदलते. मधुबन धरण झाल्यावर तर दुधनीच्या बाजूस विस्तीर्ण जलाशय झाला; पूर्वी जेथे शिवा आणि शेते होती तेथे आज नावा चालतात. महसुलाच्या गावनकाशात ती शीव तशीच आहे, पाण्याखालची. तेथे जाऊन दगड कोण तपासणार?

तर मग नकाशे अद्ययावत ठेवतो कोण? उत्तर असे की पुष्कळजण ठेवतात, आणि प्रत्येकजण आपापल्यापुरता. 1767 पासून चालत आलेले भारतीय सर्वेक्षण खाते देशाचे मूळ नकाशे करते. महसूल आणि भूमापन खाते गावनकाशे सांभाळते. नगरपरिषदेकडे प्रभागांचा नकाशा असतो, नियोजनखात्याकडे विकास-आराखड्याचा, जनगणना-खात्याकडे गणनेच्या गटांचा. पंचायतराज मंत्रालयाची एक निर्देशिका प्रत्येक गावाला व नागरी संस्थेला क्रमांक देते. गाव शहरात विलीन झाले की तेथे नोंद बदलावी लागते. एका अधिसूचनेनंतर या सर्वांनी आपापले कागद दुरुस्त करावयाचे असतात. कोणी आठवड्यात करतो, कोणी वर्षाने. मधल्या काळात एकाच घराची दोन सरकारी उत्तरे मिळतात आणि दोन्ही शिक्क्यासह.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र निश्चित सुधारली आहे. पूर्वी तपशीलवार नकाशा हाती मिळणेच दुरापास्त होते. किनाऱ्यालगतच्या आणि सरहद्दीच्या पट्ट्यातील नकाशे तर संरक्षणाच्या कारणास्तव कुलपात असत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणाने जनतेसाठी वेगळी नकाशामाला काढली. 15 फेब्रुवारी 2021 रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीचे जोखड बहुतांशी उतरले. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करण्याची स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली. शहरांतील जमिनींच्या मोजणीसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम 2025 च्या फेब्रुवारीत निघाला. 2004 पासून स्वयंसेवकांनी मिळून घडविलेला जगाचा एक खुला नकाशाही आहे, ओपनस्ट्रीटमॅप, ज्यात कोणीही हौशी मनुष्य आपल्या वस्तीतील गल्ली घालू शकतो. गल्ली घालणे सोपे, कारण ती डोळ्यांना दिसते. हद्द डोळ्यांना दिसत नाही. ती राजपत्र वाचूनच घालावी लागते, आणि तेथेच हौस कमी पडते. म्हणून दूरध्वनीच्या पडद्यावर शहराभोवती जी तुटक रेघ दिसते ती कोणत्या वर्षाची, याचा बोध पाहणाऱ्यास सहसा होत नाही. छापील नकाशाच्या कोपऱ्यात निदान साल असे. पडद्यावरील रेघ नेहमी आजचीच भासते.

अपेक्षा फार मोठी नाही. हद्दीच्या प्रत्येक जाहीर नकाशावर तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या अधिसूचनेवरून तो काढला तिचा क्रमांक, त्या अधिसूचनेची तारीख, आणि नकाशा काढल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखांत अंतर किती आहे हे पाहूनच वाचणाऱ्याला नकाशाचा भरवसा किती धरावा ते कळेल. याला ना ड्रोन लागतो ना उपग्रह.

सर्वांचे नकाशे एकाच दिवसाला बांधून ठेवणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे, ती जनगणनेची. शिरगणतीपूर्वी ठराविक दिवशी गावे, तालुके, शहरे यांच्या हद्दी गोठविल्या जातात. त्यानंतर शिरगणती संपेपर्यंत फेरफार करावयाचा नसतो, नाहीतर एखादा पाडा दोनदा मोजला जाईल आणि दुसरा मुळीच नाही. 2011 च्या गणनेसाठी हा दिवस 31 डिसेंबर 2009 होता. पुढील गणना 2021 ची होती. ती लांबत गेली तशी गोठविण्याची तारीखही पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. अखेर 1 मार्च 2027 ही देशाच्या बहुतेक भागासाठी गणनेची संदर्भ-तारीख ठरली आणि हद्दींसाठी 31 डिसेंबर 2025 हा दिवस ठरविण्यात आला. त्या दिवशी सिल्वाशाची जी शीव होती तीच प्रगणकाच्या हातातील कागदावर असेल. सामरवर्णीच्या वाटेवरील शेवटच्या चाळीतला भाडेकरू त्या कागदात शहरात पडतो की पंचायतीत, हे प्रगणक दाराशी आला असता त्याला विचारून घेता येईल. आणि मग गटाराची तक्रार कोणत्या दाराशी न्यावयाची तेही त्यास त्याच वेळी समजेल.